रिकाम्या दुपारी कशा भरल्या

शनिवार-रविवारी माझ्या स्पामध्ये वेळ मिळायची नाही आणि मंगळवारची दुपार ओस पडायची. मी सरसकट सवलत जाहीर केली, तर शनिवारचेच ग्राहक कमी पैशांत येऊ लागले! मग नोंदवही काढून बसले. खरी गळती वेगळीच होती: मसाज झाल्यावर लोक पुढची वेळ न ठरवताच निघून जायचे. आता पाणी देतानाच थेरपिस्ट विचारते, "मान अजून आखडलेली आहे, ३ आठवड्यांनी मंगळवारी दुपारी याल का?" आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर आठवण जाते, त्यामुळे न कळवता गैरहजर राहणारे कमी झाले. दोन अपॉइंटमेंटमध्ये १५ मिनिटं मोकळी ठेवते, चादरी बदलायला आणि थेरपिस्टच्या हातांना विसावा म्हणून. ती थकलेली असली की ग्राहकाला स्पर्शातूनच कळतं. सवलत आता फक्त मधल्या वारांच्या दुपारपुरती आहे.