भाडेकरूंसकट घर घेताय? खरेदीआधीची तयारी

बेळगावच्या शहापुरात आम्ही घर घेतलं तेव्हा आत तीन बिऱ्हाडं होती. खरेदी झाली, पेढे वाटले आणि भाडेकरूंना पत्र द्यायचं राहिलं. पुढच्या महिन्यात जुन्या मालकांचा मुलगा येऊन मागच्या खोलीतल्या मावशींकडून भाडं घेऊन गेला. मावशींनी वही पुढे केली, तारखेखाली त्याची सही. त्यांची काय चूक? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०९ हेच सांगतं: विक्रीची कल्पना नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडं दिलं, तर नवा मालक ते पुन्हा मागू शकत नाही.

म्हणून संचकारपत्र, म्हणजे विसार देऊन होणारा खरेदीचा करार, करतानाच अट घाला, की खरेदीच्या दिवशी जुना मालक प्रत्येक भाडेकरूला सहीचं पत्र देईल: घर अमुकांना विकलं, यापुढे भाडं त्यांनाच. पत्र मराठीत आणि कानडीत, दोन्हीत असावं. उद्या पोलीस ठाण्यात दाखवायची वेळ आली तर कानडी प्रत उपयोगी पडते. पोच म्हणून भाडेकरूची सही घ्या. डिपॉझिट कुणाकडे किती, ते मालक आणि भाडेकरू समोरासमोर असताना लिहून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून वळती करा. खरेदीआधीची भाडेथकबाकी, वेगळं ठरलं नसेल तर, जुन्या मालकाचीच. तिच्यासाठी तोच येऊ शकतो, हे भाडेकरूंनाही सांगून ठेवा.

बोजाचा दाखला (घरावर कर्ज वगैरे आहे का ते सांगणारा), सिटी सर्व्हेचा उतारा, पालिकेच्या खात्यावर नाव आणि वीज कंपनीचं, हेस्कॉमचं, मीटर ही कामं लगेच मार्गी लावा. भाडं बँकेत घ्या. रोख घेतलंत तर पावती द्याच.

एवढं करूनही कुणी भाऊबंद किंवा एजंट दारात येऊन 'खोली खाली करा' म्हणाला, तर भाडेकरूने वाद घालू नये, तुम्हाला फोन करावा. धमकी असेल तर ११२. तारीख, वेळ, शब्द वहीत टिपून ठेवा. समोरचा कोर्टात जाऊन मनाई हुकूम आणेल असं वाटलं, तर वकिलाकडून कॅव्हेट, म्हणजे 'आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये' असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस चालतं.

आणि पहिल्याच आठवड्यात घरातल्या माणसाला घेऊन प्रत्येक बिऱ्हाडात जाऊन बसा. मावशींनी मला विचारलं होतं, "आम्हाला काढणार काय हो?" त्याचं उत्तर बाहेरच्याने देण्याआधी तुम्ही द्या.