रंगकामाचा खर्च काढताना या चुका टाळा

रंगकामाचा अंदाज फसतो तो बहुतेक वेळा मोजमापामुळे. रंग लागतो भिंतींना आणि छताला, पण आपण हिशोब धरतो जमिनीच्या क्षेत्रफळावर.

२० बाय १५ फुटांची, १० फूट उंचीची खोली घ्या. भिंती ७०० आणि छत ३००, एकूण १,००० चौरस फूट. म्हणजे जमिनीच्या जवळपास ३.३ पट. तेवढ्याच उंचीच्या १२ बाय १० च्या खोलीत भिंती ४४० आणि छत १२०, एकूण ५६०. म्हणजे साडेचार पटींहूनही जास्त. म्हणून ‘कारपेट एरिया गुणिले साडेतीन’ हा ठोकताळा छोट्या खोल्यांच्या घरात कमी पडतो. टेप घ्या आणि प्रत्येक खोली मोजा. दारे-खिडक्यांची वजावट होणार का, हे रंगाऱ्याशी आधीच बोलून घ्या, नाहीतर शेवटच्या बिलावर हुज्जत ठरलेली.

नुसता दर ऐकून दोन कोटेशनची तुलना करू नका. एकाच्या दरात घासकाम, पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात असतात, दुसऱ्याच्या दरात जुन्या रंगावर फक्त एक हात. कोणता माल, किती हात, माल कोण आणणार, हे सगळे लेखी घ्या. दारे, ग्रिल आणि बाहेरच्या भिंतींसाठीची परांची यांचा खर्च धरला आहे का, तेही विचारा.

सर्वांत महागात पडते ती ओल. पोपडे खरवडून त्यावर पुट्टी मारली की भिंत काही दिवस छान दिसते, मग रंग पुन्हा सुटतो आणि सगळा खर्च वाया जातो. गळती आधी काढा, भिंत पूर्ण वाळू द्या. हा खर्च अंदाजात पहिल्या ओळीवर हवा.

डब्यावर लिहिलेले कव्हरेज, म्हणजे एका लिटरमध्ये किती चौरस फूट रंगते तो आकडा, एका हाताचे आहे की दोन, ते नीट वाचा. शिवाय ते गुळगुळीत पृष्ठभागाचे असते. खडबडीत भिंत जास्त रंग पिते. गडद भिंतीवर फिका रंग द्यायचा असेल तर एखादा हात वाढतो.

आकडा हाताबाहेर गेलाच, तर प्रायमर किंवा घासकाम कापू नका. छताला आणि स्टोअररूमला साधा रंग घ्या, किंवा एकेक खोली करा. शेड मिक्स करून घेत असाल तर एका खोलीचा सगळा रंग एकदमच आणा. नंतर आणलेल्या डब्याची छटा किंचित वेगळी येऊ शकते आणि मग अख्खी भिंत पुन्हा रंगवावी लागते.