मध्यम आकाराचा चेनसॉ घेताना: सीसीपेक्षा सुटे भाग आधी बघा

जुन्या हापूसची उंची कमी करायची, बांधावरची बाभूळ सरपणाला फोडायची, वादळात वाटेवर आडवं पडलेलं झाड बाजूला करायचं. एवढ्या कामाला ४० ते ५० सीसीचा पेट्रोल चेनसॉ आणि १६ किंवा १८ इंची बार (चेन जिच्या कडेने फिरते ती पट्टी) भरपूर झाला. बाजारात मात्र ‘५८ सीसी, २२ इंच’ असं ठळक लिहिलेली स्वस्त यंत्रंच जास्त दिसतात, आणि बहुतेकांची फसगत याच दोन आकड्यांवर होते.

सीसीवरून ताकद कळत नाही. स्टील (Stihl) कंपनीच्या एमएस २५० ला ४५.४ सीसीत २.३ किलोवॅट मिळतात, तर त्याच कंपनीच्या एमएस २६१ ला ५०.२ सीसीत ३ किलोवॅट. सीसीत फरक जेमतेम पाचाचा, ताकदीत जवळपास तिसऱ्या हिश्श्याचा. म्हणून दुकानदाराला किलोवॅट विचारा. ५८ लिहिलेल्या यंत्रात सिलिंडरचा व्यास ४५ मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक साडेबत्तीसच्या आसपास असेल, तर हिशोब ५२ सीसीचाच भरतो. (व्यासाचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५४, भागिले १०००.) अशा इंजिनावर २२ इंची बार चढवला की वाळलेल्या बाभळीत किंवा ऐनात चेन अडते, क्लच घसरून तापतो आणि शेवटी ड्रम निळा पडतो. स्वस्तातलंच घ्यायचं ठरलं असेल, तर १८ इंची बार लावून मागा. यंत्र तेच, पण काम सुसह्य होतं.

किमतीचं गणित यंत्रापुरतं करू नका. स्वस्त यंत्राच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून जास्त पैसे स्टील किंवा हुस्क्वर्नासारख्या कंपनीच्या यंत्राला पडतात. वर्षातून चार-सहा दिवस फांद्या कापणाऱ्याला ते वसूल होणार नाहीत. पण हंगामभर काम असेल किंवा भाड्याने लाकूड कापून द्यायचं असेल, तर जास्तीचे पैसे सुट्या भागांतून आणि कमी कंपनांतून परत येतात. खरेदीआधी तालुक्याच्या दुकानात जाऊन नेमक्या त्या मॉडेलचे सहा सुटे भाग मागून बघा: स्टार्टरची स्प्रिंग, कार्ब्युरेटरचा डायफ्राम (पातळ पडदा) संच, एअर फिल्टर, क्लच ड्रम, चेनला तेल पुरवणारा ऑइल पंप आणि चेन. यातल्या चार वस्तू कपाटातून निघाल्या तर यंत्र घ्या. ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं तर ऐन हंगामात आठ-दहा दिवस बसून राहायची तयारी ठेवा.

यंत्र खोक्यातून काढून दुकानातच चालू करून घ्या. चोक ओढून चार-पाच झटक्यांत इंजिन बोललं पाहिजे. रेस सोडल्यावर चेन पूर्ण थांबायला हवी. ती रेंगाळत असेल तर आयडल स्क्रू थोडा सैल करायला सांगा. तरीही फिरली तर क्लचची स्प्रिंग कमकुवत आहे, ते यंत्र परत द्या. मग चेन ब्रेक पुढे ढकला, चेन जागच्या जागी अडकली पाहिजे. ब्रेक लावून रेस वाढवत मात्र राहू नका. शेवटी ब्रेक सोडून बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरा आणि रेस द्या. काही सेकंदांत तेलाची रेघ उमटली तर ऑइल पंप ठीक आहे. तेल येत नसलेला बार दिवसभरात निळा पडतो आणि त्याची खाच पसरते.

चेनची मापं बारवर कोरलेली असतात, ती लिहून ठेवा: पिच (चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप), गेज (बारच्या खाचेची रुंदी) आणि ड्राइव्ह लिंकांची (खाचेत बसणाऱ्या कड्यांची) संख्या. .३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, ३/८ इंच लो-प्रोफाइल (बुटक्या) चेनला ४ मिलिमीटरची. डेप्थ गेज (दातापुढचा छोटा उंचवटा) दाताच्या धारेपेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली हवा. सोबत दुसरी चेन घ्याच, आणि दोन्ही आलटून-पालटून वापरा म्हणजे स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एकसारखं झिजतं. लाकडाचा जाड भुसा पडत असेल तर धार ठीक. पिठासारखा पडू लागला की यंत्रावर जोर देऊ नका, कानस घ्या. मातीत किंवा वाळवीच्या वारुळात एकदा जरी टेकली तरी धार गेलीच.

सगळ्यात जास्त इंजिनं मरतात ती पेट्रोलमधल्या ऑइलचं माप चुकल्यामुळे. चांगलं टू-स्ट्रोक ऑइलच घ्या, आणि कंपनीने ५०:१ (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) सांगितलेलं असेल तर लिटरला २० मिली घाला. अनेक स्वस्त यंत्रांना २५:१, म्हणजे ४० मिली. अंदाजाने बाटलीच्या झाकणाने ओतू नका, मापाचं भांडं ठेवा. ऑइल कमी पडलं की पिस्टन घासून सीज होतो, आणि सिलिंडर-पिस्टन बदलायला स्वस्त यंत्राच्या किमतीचा मोठा भाग जातो. चेनच्या तेलाच्या टाकीत जळकं इंजिन ऑइल घालण्याची सवय सोडा. त्यातले धातूचे कण पंप खातात.

हेल्मेट-जाळी, कानाचं संरक्षण, कापरोधक पॅंट आणि बूट हे बजेटमध्ये आधीच धरा. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र क्षणात तोंडाकडे उसळतं, आणि शिडीवर उभं असताना सावरायला काही नसतं. उंचावरची फांदी पोल सॉने (लांब दांड्याच्या करवतीने) किंवा जाणकार माणसाकडूनच कापून घ्या. आंबा, फणस, साग, जांभूळ अशा झाडांच्या तोडीला महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ती आधी काढा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल धरतं आणि डायफ्राम कडक करतं. म्हणून महिनाभर काम नसेल तर टाकी रिकामी करा, यंत्र चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग प्लग काढून सिलिंडरमध्ये टू-स्ट्रोक ऑइलचे चार थेंब सोडा आणि दोरी हळू दोनदा ओढून प्लग परत बसवा.