कोयता-कुऱ्हाडीला पॉलिश पेपरने धार कशी लावायची

कोयता, कुऱ्हाड, झुडपं तोडायचं लांब पातं, असलं मोठं हत्यार छोट्या दगडावर घासत बसलं की हात भरून येतो आणि कोन काही एकसारखा राहत नाही. म्हणून उलटं करायचं, पातं वाईसमध्ये नाहीतर क्लॅम्पने टेबलाला घट्ट आवळायचं आणि पेपर त्याच्यावर फिरवायचा.

सामान फार नाही. एक चपटी कानस, वीतभर लाकडी पट्टी, काळा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) 120, 220 आणि 400 नंबरचा, मार्कर, जाड हातमोजे. ग्राइंडर असला तरी राहू द्या, धार गरम होऊन निळी पडली की तिथलं पाणी उतरलं समजा, मग ती जागा मऊ होते आणि कितीही घासा, धार टिकत नाही.

आधी गंज आणि चीक पुसून धारेच्या दोन्ही बाजू मार्करने काळ्या करा. आता कोन. पट्टी पात्याला काटकोनात धरा, निम्मी झुकवा, परत निम्मी झुकवा, झाले साधारण 22 अंश, कोयत्याला हे बरोबर बसतं, कुऱ्हाडीला थोडा जास्त ठेवा नाहीतर लाकडावर धार मुडपते. दोन हात मारून बघा, शाई पाठीकडच्या बाजूलाच गेली तर कोन कमी पडतोय, फक्त धारेच्या कडेला गेली तर जास्त झालाय.

खाचे पडले असतील तरच कानस घ्या, आणि ती फक्त पुढे ढकलताना कापते, मागे आणताना उचलायची, घासत आणली तर दातेच बोथट होतात.

मग 120 चा पेपर पट्टीला गुंडाळून पाण्याने ओला करा आणि पाठीकडून धारेकडे ओढत बाहेर काढा, उलटं केलं तर धार पेपरच फाडते. बोटं पट्टीच्या वरच ठेवा. एका बाजूने घासत राहिलं की पलीकडच्या बाजूला बारीक बर (धातूची वळलेली कड) उभी राहते, बोट पाठीकडून धारेकडे हलकंच सरकवलं (धारेवरून लांबीने कधीच नाही) की खरखर लागते. ती टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली पाहिजे, मध्ये कुठे गुळगुळीत लागलं तर तिथे अजून धार आलेली नाही, आणि लोक नेमके इथेच घाई करतात. सलग लागली की बाजू बदला. 220 आणि 400 ला पण हेच, फक्त जोर कमी करत जा.

कोयत्याच्या आतल्या वाकाला सपाट पट्टी बसत नाही, तिथे पाइपचा तुकडा घेऊन त्याला पेपर गुंडाळा. कुऱ्हाडीला पेपरखाली जुना माऊसपॅड ठेवला की पोटाचा गोलावा तसाच राहतो.

शेवटी एकेक हात आलटून पालटून अगदी हलका मारून बर काढा, मग चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेने थोडं फिरवा. 1000 नंबरपर्यंत जायची तोडकामाला काही गरज नाही. पातं कोरडं करून मशीन ऑइलचा हात फिरवा, ओल राहिली तर ताज्या धारेवर गंज लगेच धरतो.