बिली हॉलिडे यांच्या मिळकतीचा हिशेब कसा मांडावा

जॅझ गायिकेच्या कारकिर्दीचा आर्थिक अभ्यास करताना गाजलेल्या तबकड्यांवरून उत्पन्नाचा अंदाज बांधू नये. प्रत्येक रक्कम कोणत्या नात्याने मिळाली, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे मानधन म्हणून, कार्यक्रमाची बिदागी म्हणून की गीतलेखनाच्या हक्कापोटी, हे आधी तिच्यापुढे लिहावे. बिली हॉलिडे (१९१५–१९५९) यांच्या बाबतीत तर या विभागणीवाचून काहीच उलगडत नाही.

सुरुवात ध्वनिमुद्रणांपासून करावी. १९३५ पासून पियानोवादक टेडी विल्सन यांच्यासमवेत केलेल्या ध्वनिमुद्रणांसाठी त्यांना ठोक रक्कम मिळे, विक्रीवर रॉयल्टी नसे. त्यामुळे त्या तबकड्यांचा खप त्यांच्या नावे जमा धरता येत नाही. अमेरिकेत रेडिओवर गाणे वाजल्याचे पैसेही गीतकार-संगीतकाराला मिळतात, गायकाला नाही. म्हणून प्रत्येक गाण्याचे श्रेय तपासावे. ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’वर आर्थर हर्झॉग यांच्याबरोबर हॉलिडे यांचेही नाव आहे, पण १९३९ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ‘स्ट्रेंज फ्रूट’चे शब्द आणि चाल दोन्ही एबल मीरोपोल यांची. १९५६ च्या आत्मचरित्रात हॉलिडे यांनी या चालीत आपला वाटा सांगितला आहे. यावरून आत्मचरित्रातील दावे, मग ते पैशांचे असोत वा श्रेयाचे, दुसऱ्या पुराव्याशिवाय वहीत का चढवू नयेत, हे ध्यानात येईल.

यानंतर कामाच्या परवान्याकडे वळावे, कारण खरा फटका तिथे बसला. न्यूयॉर्कमध्ये मद्य विकणाऱ्या क्लबांत गाण्यासाठी ‘कॅबरे कार्ड’ लागे. १९४७ साली अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर हॉलिडे यांचे हे कार्ड गेले, आणि ज्या शहरात त्यांचे नाव झाले होते तिथेच क्लबांतील नियमित काम बंद झाले. सुटकेनंतर २७ मार्च १९४८ रोजी कार्नेगी हॉल गच्च भरला, याचे कारण सभागृहाला हा नियम लागू नव्हता. पण एका रात्रीच्या गर्दीवरून वर्षाचे उत्पन्न ठरवणे चुकीचे होईल. त्या काळात क्लबचे काम आठवडेच्या आठवडे चाले, तर अशी मैफल क्वचितच होई. ही कार्डाची पद्धत १९६७ मध्ये रद्द झाली. शिक्षा भोगून झाल्यावरही रोजगार हिरावून घेणारा हा नियम मला तरी निव्वळ अन्याय वाटतो.

जुन्या डॉलरांचे आजचे मोल काढताना अमेरिकी श्रम-सांख्यिकी विभागाचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरावा आणि रुपयांत रूपांतर शेवटी करावे.

मृत्यूनंतरचा हिशेब मात्र स्वतंत्र पानावर ठेवावा. निधनसमयी हॉलिडे यांच्या बँक खात्यात ७० सेंट आणि जवळ रोख ७५० डॉलर होते, असे नोंदले गेले आहे. मृत्युपत्र नसल्याने विभक्त राहणारे पती लुई मकाय वारस ठरले. त्यामुळे १९५९ नंतरची रॉयल्टी गायिकेच्या एकूण कमाईत मिळवू नये.