शंभरने गुणणं आधी थांबवा

चाकणहून जर्मनीत स्टुटगार्टला आलेली पोरं पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "काका, इथे परवडतं ना हो?" काका म्हटल्याचा राग मी गिळतो (चौदा वर्षं झाली, केसही गेले) आणि आधी पगाराची पावती काढायला लावतो.

वर्षाला 60 हजार युरो. घरी हा आकडा शंभरने गुणून, रुपयांतच सांगितलेला असतो. महिन्याला होतात 5 हजार युरो, पण एकट्या माणसाच्या हातात पडतात साधारण 3100. बाकीचे कर, आरोग्य विमा, पेन्शन आणि बेकारी विम्यात जातात. लग्न झालंय, दोघं इथेच राहताय आणि एकच जण कमावतोय, तर करवर्ग (पगारातून किती कर कापायचा ते यावर ठरतं) बदलून घ्या, महिन्याला चारेकशे युरो जास्त येतात. हे आपणहून कुणी सांगत नाही.

जाहिरातीत दिसतं ते नुसतं भाडं, त्याला काल्टमीटं म्हणतात. हीटिंग, पाणी, कचरा मिळवून होतं ते वार्ममीटं, आणि वीज-इंटरनेट त्याच्याही वर. अनामत तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. 'घरात किचन आहे' असं जाहिरातीत लिहिलेलं नसेल तर चार भिंती आणि एक नळाची जोडणी मिळेल. मी पहिले तीन आठवडे बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले.

आता मूळ मुद्दा. पुण्यात पगार वाढला की आपण माणसांचे कष्ट विकत घेतो. धुणं-भांडी, पोळ्यांच्या मावशी, ड्रायव्हर, इस्त्रीवाला. सुख घरात असतं. दाराबाहेर पाऊल टाकलं की फुटपाथ शोधावा लागतो. इथे नेमकं उलटं. घरात सगळं स्वतः करायचं, आणि सुख बाहेर, सगळ्यांच्या मालकीचं. नळाचं पाणी तसंच पितात. सात-आठ वर्षांची पोरं एकटी शाळेत चालत जातात. वर्षाला किमान 20 दिवस रजा कायद्यानेच (बहुतेक कंपन्या 30 देतात), आणि सुट्टीत साहेबाचा फोन येत नाही. नोकरीला महिना झाला की पुढे आजारी पडलात तरी सहा आठवडे पूर्ण पगार चालू राहतो.

माणसाच्या कष्टाला इथे किती मोल आहे ते मला एका रविवारी कळलं. कचरा टाकायला खाली गेलो, दार मागे ओढलं गेलं, किल्ली आत. कुलूपवाला आला, प्लास्टिकची पट्टी फटीत सरकवली, अर्ध्या मिनिटात दार उघडलं. 260 युरो! शंभरने गुणलं तेव्हा पायऱ्यांवरच बसलो. दुसऱ्या दिवशी जादा किल्ली शेजारच्या आजींकडे ठेवली, तुम्ही पहिल्याच दिवशी ठेवा.

याच आजींनी मला केअरवोखं शिकवलं. आपल्या श्वाबेन भागातली ही खास चाल. एके दिवशी दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. म्हणजे या आठवड्यात जिना झाडून-पुसून काढायची पाळी तुमची. मी वरवर झाडू फिरवला. आजी आल्या, कठड्यावरून एक बोट फिरवलं, ते माझ्यासमोर धरलं आणि काही न बोलता आत गेल्या. आता मी आधी कठडा पुसतो, मग पायऱ्या. पाटी पुढच्या दाराला लटकवायला विसरू नका. रविवारी भिंतीला ड्रिल लावू नका, आणि किराणा शनिवारीच आणा, कारण दुकानं बंद असतात.

डॉक्टरांच्या बाबतीत मात्र आपलं पुणं बरं, हे मी अजूनही म्हणतो. तिथे संध्याकाळी गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन रात्री गोळी घेऊन झोपता येतं. इथे आधी टर्मिन, म्हणजे वेळ, आणि त्वचेच्या किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांची टर्मिन कित्येक आठवड्यांनंतरची. ताप आला तर चहा प्या, झोपा म्हणतात. पण सरकारी विम्यावर माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा खिशातून गेले दिवसाला 10 युरो. न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच विम्यात येतात, वेगळा हप्ता नाही. रात्री-अपरात्री दुखलं-खुपलं तर फोन 116117 ला, जिवावर बेतलं तर 112.

ज्याची तुलना करता येत नाही तेही सांगतो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, आणि तेव्हा पुण्यात रात्रीचे नऊ झालेले असतात, आई झोपायच्या तयारीत. आईवडील आले तरी व्हिसा 180 दिवसांत 90 दिवसांचा. त्यांना कायमचं आणणं सोपं नाही, हे घरी पहिल्या वर्षीच स्पष्ट बोला. मी सहाव्या वर्षी बोललो.

शेवटचं, सामानाचं. कुकर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा आणा, साधा ॲल्युमिनियमचा इथल्या इंडक्शन शेगडीवर तापत नाही. वर दोन रिंगा जास्त. मसाले आणा. तूप, पेढे, खवा मात्र नको; युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आई बॅगेत तुपाची बरणी घालणारच, निघायच्या आदल्या रात्री बॅग एकदा स्वतः उघडून बघा.