आंब्याचा छोटा व्यवसाय: मूल्ये ठरवून हंगाम कसा आखावा

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत आंबा, काजू, कोकम विकणारे घरगुती व्यवसाय गावोगाव आहेत. बहुतेकांच्या पेटीवर ‘विश्वास’ किंवा ‘गुणवत्ता’ छापलेले असते. पण ऐन एप्रिलमध्ये पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की पेटीतले चार आंबे साक्याचे (आतला गर पांढरट, स्पंजासारखा झालेले) निघाले, तर त्या शब्दाला जागून नेमके काय करायचे, हे घरात कोणी बोललेले नसते. मग फोन ज्याच्या हाती असेल तो सुचेल ते उत्तर देतो. हे टाळायचे तर हंगामाच्या आधी, पावसाळा सरता सरता, घरातल्या सगळ्यांनी एकदा वही घेऊन बसावे आणि आपली मूल्ये, म्हणजे आपण कशाला जागणार, ते ठरवावे.

आधी वाक्ये लिहा

‘आम्ही प्रामाणिक आहोत’ या वाक्याने काही ठरत नाही. ‘माल कमी पडला तरी बाहेरून आणलेला आंबा आमच्या नावाच्या पेटीत भरणार नाही’ हे लिहिले की ठरते, कारण त्यात आपण कोणते पैसे सोडणार ते दिसते. अशी दोन-तीन वाक्ये पुरेत. जास्त लिहिली तर कामाच्या धांदलीत कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

कायद्याने सक्तीच्या गोष्टी यात घालू नका. कार्बाइडने फळ पिकवायला बंदीच आहे, ते न वापरणे ही आपली थोरवी नव्हे. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे आले. त्यामुळे भलत्या ठिकाणचा आंबा त्या नावाने विकणे चूकच. तुमचे वाक्य त्याच्या एक पाऊल पुढचे हवे: पेटीवर गावाचे नाव असेल, तर आंबा त्याच गावच्या बागेतला.

मग त्या वाक्यांवरून हंगाम आखा

बहुतेकांचे गाडे इथे अडते, म्हणून इथे वेळ द्या. बाहेरचा माल भरायचा नाही असे ठरले, की बुकिंगला आपोआप मर्यादा येते. डिसेंबर-जानेवारीत मोहोर भरघोस दिसला म्हणून त्या हिशेबाने सगळ्या पेट्यांचे पैसे आगाऊ घेऊ नका. मोहोरावरची तुडतुडा ही कीड आहे, अवकाळी पाऊस आहे, फळगळ आहे. मोहोरावरून जेवढा अंदाज येतो त्याच्या निम्म्यावर थांबा, फळ सुपारीएवढे झाले की बाग पुन्हा फिरून बघा आणि उरलेले बुकिंग तेव्हा उघडा. मार्चमधला चढा भाव पाहून हात शिवशिवतात, पण देता न येणाऱ्या पेटीचे पैसे परत करण्यात गिऱ्हाईकही जाते.

‘फळ तयार झाल्यावरच काढू’ असे लिहिले असेल, तर गड्यांची मजुरी नगावर ठेवू नका, रोजावर ठेवा. नगावर पैसे मिळत असतील तर कोवळे फळही झेल्यात (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीत) येणारच, आणि देठ सांभाळून उतरवायला कोणी थांबणार नाही.

अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात एखादी कंपनी जास्त भावाने शंभर पेट्या मागते. आधी बुकिंग केलेल्यांना आधी माल द्यायचा, हे ठरले असेल तर उत्तर सोपे आहे: उरल्या तर देऊ.

प्रत्येक पेटीमागे थोडी रक्कम भरपाईसाठी बाजूला काढा आणि ती विक्रीच्या भावातच धरा. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. कितीही निवडून भरले तरी काही फळे तशी निघणार, हे गृहीत धरूनच भाव ठरवावा. ही रक्कम बाजूला असली की तक्रारीचा फोन आल्यावर घरात वाद होत नाही.

गिऱ्हाइकाशी बोलणे

फोन घेणाऱ्या माणसाला जागच्या जागी निर्णय देण्याची मुभा द्या, मग ती घरातली सून असो की पेट्या भरणारा मुलगा. ‘मालकांना विचारून सांगतो’ हे उत्तर गिऱ्हाइकाला टोलवाटोलवी वाटते. बोलणे साधारण असे असावे:

‘काकू, साका आम्हालाही बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून त्याची भरपाई आम्ही धरूनच ठेवतो. कापलेल्या फोडींचा फोटो पाठवा, तेवढे आंबे पुढच्या पेटीत जास्त घालते. पेटी नको असेल तर पैसे पाठवते.’

भरपाईला मर्यादा हवी, आणि ती बुकिंगच्या वेळीच व्हॉट्सअॅपवर लिहून कळवलेली हवी: पिकल्यावर किती दिवसांत कळवायचे, फोटो कसा हवा. पेटी उन्हात ठेवल्यामुळे फळे खराब झाली असतील, तर तसे सौम्यपणे पण स्पष्ट सांगावे. सगळ्याच तक्रारी मान्य करणे म्हणजे चांगली सेवा, असे मला वाटत नाही.

उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधी कळवा. ‘पावसामुळे काढणी आठवडाभर पुढे गेली, थांबायचे नसेल तर पैसे परत करतो’ एवढे पुरते. आंब्याची वाट बघायला लोक तयार असतात, न उचललेल्या फोनवर मात्र ते चिडतात.

जूनमध्ये वही पुन्हा उघडा

बागेत पाऊस लागला की हिशेबासोबत ती वाक्ये वाचा. कोणते पाळताना पैसे सोडावे लागले, कोणते मोडले, कोणत्या तक्रारी दोनदा आल्या, ते समोर लिहा. मोडलेले वाक्य पुढच्या वर्षीही झेपणार नसेल तर खोडा, आणि पेटीवर तसे काही छापले असेल तर नव्या पेट्यांची ऑर्डर देण्याआधी छापखान्याला कळवा.